उपग्रहाकडून क्षेपणास्त्राकडे : पहिले उपग्रहवाहक अग्निबाण आणि हैदराबाद

सोव्हिएत संघाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला आणि भारताने १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह श्रीहरिकोट्याहून कक्षेत नेला. या दोन घटनांच्या दरम्यानच्या तेवीस वर्षांत सोव्हिएत संघ, अमेरिका, फ्रान्स, जपान, चीन, ब्रिटन आणि भारत या सात देशांनी आपलाच उपग्रह आपल्याच अग्निबाणाने पृथ्वीभोवती फिरवण्याची क्षमता सिद्ध केली. ब्रिटनने १९७१ साली एकच उपग्रह सोडून तो कार्यक्रम गुंडाळल्यामुळे भारताचा क्रमांक कोणी सहावा मोजतात, कोणी सातवा. परंतु क्रमांकापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा आहे की, या देशांचे पहिले उपग्रहवाहक अग्निबाण आले कोठून. बहुतेकांच्या बाबतीत त्याचे उत्तर एकच आहे : आधी शत्रूच्या प्रदेशावर स्फोटक टाकण्यासाठी क्षेपणास्त्र तयार झाले आणि मग त्याच्या टोकावर स्फोटकाऐवजी उपग्रह बसवण्यात आला. जपान आणि भारत हे दोनच देश या वाटेने गेले नाहीत. वातावरणाच्या अभ्यासासाठी उडवलेल्या लहान संशोधन-अग्निबाणांपासून वाढत वाढत ते उपग्रहापर्यंत पोहोचले. भारताच्या बाबतीत तर उपग्रहासाठी घडवलेली मोटर पुढे क्षेपणास्त्रात गेली, म्हणजे जगभरातला क्रमच येथे उलटला, आणि तो जेथे उलटला ते शहर हैदराबाद होय.

हैदराबादेतील नारायणगुडा हा भाग मराठी माणसाला परका नाही. हैदराबाद संस्थानातील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि तेथील मराठी सार्वजनिक जीवनाचे एक आधारस्तंभ केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू झालेली केशव मेमोरियल शाळा याच भागात आहे. नारायणगुड्यापासून पश्चिमेला थोड्याच अंतरावर गनफौंड्री नावाची वस्ती लागते. निजामाच्या पदरी असलेल्या रेमाँ या फ्रेंच सेनानीने अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे तोफा ओतण्याचा कारखाना चालवला, त्यावरून तिला हे नाव पडले, आणि तिला ‘तोप का सांचा’ असेही म्हणत. शहराच्या दक्षिणेला कंचनबाग येथे संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळा आणि मिश्र धातू निगम ही दोन आधुनिक आस्थापने उभी आहेत, ज्यांची या लेखात पुढे गरज लागणार आहे. तोफांच्या साच्यापासून अग्निबाणाच्या पोलादापर्यंतचा प्रवास एकाच शहराच्या हद्दीत झालेला पाहायला मिळणे, ही गोष्ट हिंदुस्थानात फारशा ठिकाणी आढळत नाही.

आज ज्याला आपण रॉकेट म्हणतो त्याला मराठीत फार पूर्वीपासून ‘बाण’ हा शब्द होता, आणि तो धनुष्याच्या बाणापासून वेगळा ओळखला जाई. लोखंडी किंवा बांबूच्या नळीत दारू ठासून तिला काठी किंवा पाते बांधायचे, वात पेटवायची आणि तो शत्रूच्या घोडदळावर सोडायचा, अशी त्याची रचना असे; नेम अचूक नसला तरी आवाज, धूर आणि ठिणग्या यांमुळे घोडे उधळत, आणि त्यातच त्याचे खरे सामर्थ्य होते. ११ मार्च १७९५ रोजी आजच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे मराठे आणि हैदराबादचा निजाम अली खान यांच्यात झालेल्या लढाईत, नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या सैन्याने निजामाच्या घोडदळावर बाणांचा वर्षाव केला आणि त्याच वेळी शिंद्यांच्या पदरी असलेल्या पेरॉन या फ्रेंच सेनानीच्या तोफांनी उंचावरून मारा केला, असे ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे. निजामाच्या बाजूला रेमाँच्या कवायती पलटणी लढत होत्या; त्या तगून राहिल्या, पण घोडदळ मोडले आणि निजामाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. हैदराबादच्या इतिहासात अग्निबाणाचा हा ठळक प्रवेश मराठी हातांनी झालेला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याच काळात म्हैसूरच्या हैदर अली आणि टिपू सुलतान यांनी बाणाच्या नळीसाठी कागद किंवा बांबूऐवजी लोखंडाचा पद्धतशीर वापर केला. वरवर पाहता हा साधा बदल वाटतो, परंतु अग्निबाणाच्या संपूर्ण शास्त्राचे बीज त्यात आहे. दारू जळताना निर्माण होणारा वायू जेवढ्या जास्त दाबाने मागच्या तोंडातून बाहेर फेकला जाईल तेवढा बाण जोराने पुढे जातो, आणि हा दाब सहन करण्याची ताकद नळीत हवी. नळी कमकुवत असेल तर बाण उडण्याऐवजी फुटतो. म्हणजेच अग्निबाण किती दूर जाईल हे दारूइतकेच तिच्या पात्रावर अवलंबून असते. म्हैसूरच्या युद्धांत हे बाण अनुभवल्यानंतर ब्रिटनमध्ये विल्यम काँग्रीव्हने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वूलिच येथे त्यांवर प्रयोग केले आणि युरोपीय सैन्यांत ते रूढ झाले. दख्खनच्या पोलादाची ख्याती तर त्याहून जुनी आहे. तेलंगणातील कोनसमुद्रम आणि निर्मल या परिसरात मुशीत वितळवून केलेले पोलाद तलवारींसाठी दूरदेशी जात असे. त्या कारागिरांचा आणि आधुनिक अग्निबाणांचा थेट वारसासंबंध जोडणे इतिहासाला धरून होणार नाही, पण धातू आणि दाब यांचे नाते मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.

बाणाला उपग्रहवाहक बनवण्यात मुख्य अडचण उंचीची नसून वेगाची असते. पृथ्वीपासून काही शे किलोमीटर उंचीवर वर्तुळाकार कक्षेत टिकून राहण्यासाठी वस्तूला सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर इतका आडवा वेग लागतो. तो मिळाला नाही तर ती वस्तू कितीही वर गेली तरी खाली पडते. रशियन शिक्षक कॉन्स्टँटिन त्सिओलकोव्हस्की याने १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या समीकरणातून हे दाखवले की, अग्निबाणाचा अंतिम वेग बाहेर पडणाऱ्या वायूच्या वेगावर आणि भरलेल्या व रिकाम्या अग्निबाणाच्या वजनांच्या गुणोत्तरावर ठरतो. एकाच टाकीने हा वेग गाठणे अवघड असल्यामुळे अग्निबाण टप्प्याटप्प्यांचा करायचा, इंधन संपलेला टप्पा टाकून द्यायचा आणि पुढच्या टप्प्याने हलक्या झालेल्या यानाला गती द्यायची, ही कल्पना सर्व उपग्रहवाहकांच्या मुळाशी आहे.

स्पुटनिकला नेणारा आर-७ हा अग्निबाण सेर्गेई कोरोल्योव्हच्या कार्यालयात आंतरखंडीय क्षेपणास्त्र म्हणून जन्मला. त्याचे वजन उड्डाणाच्या वेळी सुमारे २६७ टन होते, तर त्याने नेलेला उपग्रह फक्त ८३.६ किलोग्रॅमचा होता. क्षेपणास्त्राला नेमून दिलेले ओझे अणुबॉम्बचे असल्यामुळे यंत्र गरजेपेक्षा कितीतरी मोठे होते, आणि सोव्हिएत आघाडीचे रहस्य बऱ्याच अंशी यातच आहे. त्याची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. अवकाशाच्या निर्वातात इंजिन पेटेल की नाही याची त्या काळी खात्री नसल्यामुळे मधल्या खोडाभोवती चार जोड-टप्पे बांधून पाचही भागांची इंजिने जमिनीवरच पेटवली जात, आणि प्रत्येक मुख्य इंजिनाला चार ज्वलनकक्ष असल्याने एकंदर वीस कक्षांतून केरोसीन आणि द्रवरूप प्राणवायू जळत असे. मोठा एकच ज्वलनकक्ष बनवला तर ज्वाला अस्थिर होऊन कक्ष फुटण्याचा धोका असल्यामुळे व्हॅलेंटिन ग्लुश्कोने लहान लहान चार कक्षांचा हा तोडगा काढला होता.

अमेरिकेची सुरुवात दोन समांतर वाटांनी झाली. वातावरण-संशोधनाच्या परंपरेतून आलेला नौदलाचा व्हँगार्ड अग्निबाण ६ डिसेंबर १९५७ रोजी जमिनीपासून जेमतेम सव्वा मीटर उचलला जाऊन आगीच्या लोळात कोसळला. त्यानंतर ३१ जानेवारी १९५८ रोजी सैन्याच्या रेडस्टोन क्षेपणास्त्रावर आधारलेल्या जुनो-१ ने सुमारे १४ किलोग्रॅमचा एक्सप्लोरर-१ उपग्रह कक्षेत नेला. या अग्निबाणात तळाशी द्रव इंधन होते, पण वरचे तीन टप्पे लहान घन इंधनाच्या नळ्यांचे होते : बाहेरच्या वर्तुळात अकरा, आत तीन आणि शिखरावर एक. नळ्यांच्या जोरात थोडाफार फरक राहिला तरी मार्ग वाकू नये म्हणून हा पुंजका उड्डाणापूर्वीच एका पिंपात गरगर फिरवला जाई. घन इंधनाने कक्षेचा शेवटचा वेग देता येतो याचा हा पहिला पुरावा होता. पुढे अमेरिकेच्या स्काउट या अग्निबाणाने फेब्रुवारी १९६१ मध्ये केवळ घन इंधनाच्या चार टप्प्यांवर उपग्रह कक्षेत नेऊन दाखवला, आणि लहान देशांच्या डोळ्यांसमोर एक साधा, परवडणारा नमुना आला.

फ्रान्सचा दियामां-ए २६ नोव्हेंबर १९६५ रोजी अल्जीरियातील हम्मागीर येथून, चीनचा लाँग मार्च-१ २४ एप्रिल १९७० रोजी आणि ब्रिटनचा ब्लॅक अॅरो २८ ऑक्टोबर १९७१ रोजी ऑस्ट्रेलियातील वूमेराहून यशस्वी झाला, आणि या तिन्हींची मुळे क्षेपणास्त्र किंवा क्षेपणास्त्र-चाचण्यांच्या कार्यक्रमांत होती. जपानची कथा वेगळी आहे. टोकियो विद्यापीठातील हिदेओ इतोकावा यांनी १९५५ साली अवघ्या २३ सेंटिमीटर लांबीचा ‘पेन्सिल’ अग्निबाण आडवा उडवून सुरुवात केली, आणि पंधरा वर्षांनंतर, चार अपयशांनंतर, ११ फेब्रुवारी १९७० रोजी लॅम्डा-४एस या साडेनऊ टनांच्याही आतल्या, पूर्णपणे घन इंधनाच्या अग्निबाणाने ओसुमी हा २४ किलोग्रॅमचा उपग्रह कक्षेत गेला. विद्यापीठातील प्राध्यापक आणि विद्यार्थी यांनी मिळून घडवलेला हा अग्निबाण, त्या काळातील सर्वांत नम्र आणि सर्वांत आश्वासक उदाहरण म्हणून वाखाणण्याजोगा आहे.

भारताचा मार्ग जपानच्या जवळचा होता. विक्रम साराभाईंच्या नेतृत्वाखाली १९६२ साली स्थापन झालेल्या अवकाश संशोधन समितीचे काम सांभाळणारे एकनाथ चिटणीस हे १९२५ साली कोल्हापुरात जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ होते. केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा हे स्थळ निवडण्यात त्यांचा वाटा होता. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जात असल्याने वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युत्प्रवाहांच्या अभ्यासासाठी ती जागा आदर्श होती. तेथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेकडून मिळालेला नायकी-अपाची अग्निबाण उडाला, आणि तो उडवणाऱ्या लहानशा चमूत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते, जे पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी, फक्त ७५ मिलिमीटर व्यासाचा रोहिणी-७५ हा भारतात घडवलेला पहिला अग्निबाण थुंब्याहून उडाला. हा आकार दिवाळीच्या बाणापेक्षा फार मोठा नव्हता, पण त्याच्या पाठीमागे उपग्रहाचा विचार आधीपासूनच होता.

उपग्रह पूर्वेकडे सोडल्यास पृथ्वीच्या परिवलनाचा वेग अग्निबाणाला फुकट मिळतो. विषुववृत्तावर तो सेकंदाला सुमारे ४६० मीटर असतो. परंतु थुंब्याहून पूर्वेकडे उडवायचे म्हणजे टाकून दिलेले टप्पे वस्तीवर पडण्याची भीती, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर जागा शोधणे आवश्यक झाले. हे काम साराभाईंनी १९६८ साली चिटणीस यांच्याकडे सोपवले, आणि येथे हैदराबाद या कथेत प्रथम प्रत्यक्ष येते. त्या वेळी आंध्र प्रदेशची राजधानी हैदराबाद होती आणि राज्याचे उद्योग संचालक आबिद हुसेन हे हैदराबादचेच होते. त्यांच्या साहाय्याने चिटणीसांनी किनाऱ्याचे नकाशे तपासले आणि त्या वेळच्या नेल्लोर जिल्ह्यातील श्रीहरिकोटा हे बेट पुढे आले. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथून पहिला लहान संशोधन-अग्निबाण उडाला. जमीन, नकाशे आणि सरकारी मंजुऱ्या यांची ही बाजू अवकाशाच्या इतिहासात सहसा दोन ओळींत आटोपली जाते, पण ती पार पडली नसती तर पुढची मोटर ठेवायलाही जागा मिळाली नसती.

आता मोटरकडे वळायचे तर वसंत गोवारीकर यांच्यापासून सुरुवात करावी लागते. त्यांचा जन्म २५ मार्च १९३३ रोजी पुण्यात झाला, बालपण आणि शिक्षण कोल्हापुरात झाले, आणि बर्मिंगहॅम विद्यापीठात एफ. एच. गार्नर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी रासायनिक अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली. ब्रिटनमध्ये त्यांनी हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात आणि नंतर समरफिल्ड येथील अग्निबाण-इंधनाच्या संशोधन केंद्रात काम केले, आणि १९६७ साली साराभाईंच्या बोलावण्यावरून ते थुंब्याला आले. समरफिल्डचा अनुभव येथे निर्णायक ठरला, कारण घन इंधन हा विषय पुस्तकांतून पुरता शिकता येत नाही. तो मिसळण्याच्या भांड्याजवळ उभे राहूनच कळतो.

आधुनिक घन इंधन म्हणजे जुन्या दारूचा फार सुधारलेला वंशज होय. त्यात तीन मुख्य घटक असतात : अमोनियम परक्लोरेट नावाचे स्फटिकरूप क्षार, जे जळण्यासाठी लागणारा प्राणवायू पुरवते; अॅल्युमिनियमची बारीक भुकटी, जी ज्वालेचे तापमान वाढवते; आणि या दोघांना धरून ठेवणारा रबरासारखा बंधक पदार्थ, जो स्वतःही इंधन म्हणून जळतो. हे मिश्रण घट्ट पिठल्यासारखे कालवून मोटरच्या नळीत ओतले जाते, मध्यभागी चांदणीच्या आकाराचा साचा ठेवून पोकळी राखली जाते, आणि मंद उष्णतेने ते कित्येक दिवस घट्ट होऊ दिले जाते. चांदणीची पोकळी ठेवण्याचे कारण असे की, जळणारा पृष्ठभाग जवळजवळ सारखा राहावा आणि जोर शेवटपर्यंत टिकावा. मिश्रणात हवेचा एखादा बुडबुडा राहिला, घट्ट होताना तडा गेला किंवा इंधन नळीच्या आतल्या बाजूपासून सुटले, तर ज्वाला त्या फटीत शिरून जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि मोटर फुटते. म्हणूनच प्रत्येक मोटर क्ष-किरणांखाली तपासावी लागते. द्रव इंधनाच्या इंजिनात पंप, झडपा आणि नळ्यांची गुंतागुंत असते, परंतु घन इंधनात सारी अडचण रसायन आणि कारागिरी यांच्यात दडलेली असते, आणि एकदा पेटल्यावर ते विझवता येत नाही.

थुंब्यात गोवारीकरांचा गट, एम. आर. कुरूप यांचा गट आणि ए. ई. मुथुनायगम यांचा गट इंधन व मोटरविषयी वेगवेगळ्या दिशांनी काम करत होते, आणि त्यांच्यातील चुरस कार्यक्रमाला उपयोगीच ठरली. या प्रयत्नांतून उपग्रहवाहक एस.एल.व्ही.-३ ची कल्पना आकाराला आली : उंची सुमारे २२.७ मीटर, उड्डाणाच्या वेळी वजन १७ टन, चार टप्पे आणि चारही घन इंधनाचे, आणि ओझे फक्त ४० किलोग्रॅम. पहिल्या टप्प्याचा व्यास १ मीटर होता आणि त्यात साडेआठ टनांहून अधिक इंधन भरले जाई. पहिल्या दोन टप्प्यांची नळी क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम असलेल्या उच्च ताकदीच्या पोलादाची होती, तर वरचे दोन टप्पे हलके राहावेत म्हणून काचतंतू रेझिनमध्ये भिजवून साच्याभोवती गुंडाळून बनवले होते. या आराखड्यात स्काउटची छाया दिसते हे खरे. परंतु आराखडा पाहून मोटर तयार होत नाही, इंधन मिसळावे लागते आणि पोलाद जोडावे लागते, आणि ते काम येथेच झाले. त्यात मराठी भूमीचाही वाटा होता. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या ज्या कारखान्याने साखर कारखान्यांची यंत्रे बनवण्यात नाव कमावले, त्यानेच १९७०च्या दशकापासून अवकाश कार्यक्रमासाठी मोटरच्या नळ्या घडवण्याचे काम पत्करले.

मोटरच्या नळीचा प्रश्न धातुशास्त्राचा असल्यामुळे विक्रम साराभाई अवकाश केंद्राच्या संचालकपदी ब्रह्म प्रकाश यांच्यासारख्या धातुतज्ज्ञाची १९७२ साली झालेली नेमणूक अर्थपूर्ण ठरली. मुंबईच्या अणुसंशोधन केंद्रातून आलेल्या ब्रह्म प्रकाश यांनी त्याआधी हैदराबादेतील अणुइंधन संकुलाच्या उभारणीत महत्त्वाचा भाग घेतला होता. झिर्कोनियमसारख्या हट्टी धातूंना वळण देण्याचा जो अनुभव त्या शहरात साठला, तो एका माणसाबरोबर थुंब्यापर्यंत गेला. एस.एल.व्ही.-३ चे प्रकल्पप्रमुख ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. चौथ्या टप्प्याची रचना त्यांच्याकडे होती आणि तो फ्रान्सच्या दियामां अग्निबाणावरही बसावा अशा मापाने आखला गेला, परंतु फ्रेंच कार्यक्रमच बंद पडल्याने ती संधी गेली. पुढे याच टप्प्यावर आधारलेल्या मोटरने १९८१ साली अॅपल या भारतीय संदेशवहन उपग्रहाला त्याच्या अंतिम कक्षेत नेले.

१० ऑगस्ट १९७९ रोजी एस.एल.व्ही.-३ चे पहिले उड्डाण झाले. पहिला टप्पा व्यवस्थित जळला, पण दुसऱ्या टप्प्याच्या दिशानियंत्रणासाठी ठेवलेले तीव्र नायट्रिक आम्ल झडप नीट बंद न झाल्याने गळून गेले होते, त्यामुळे यान भरकटले आणि ३१७ सेकंदांनी श्रीहरिकोट्यापासून सुमारे ५६० किलोमीटरवर समुद्रात पडले. ध्यानात घेण्याची बाब अशी की, ज्या घन इंधनाविषयी सर्वांत जास्त काळजी वाटत होती त्याने दगा दिला नाही. एका लहानशा द्रवाच्या झडपेने दिला. त्याच वर्षी गोवारीकर केंद्राचे संचालक झाले, आणि ११ महिन्यांनी, १८ जुलै १९८० रोजी सकाळी आठ वाजून तीन मिनिटांनी, दुसरे यान उडाले आणि त्याने ३५ किलोग्रॅमचा रोहिणी उपग्रह सुमारे ३०० ते ९०० किलोमीटरच्या लंबवर्तुळाकार कक्षेत सोडला. त्याआधी १९ एप्रिल १९७५ रोजी भारताचा आर्यभट सोव्हिएत अग्निबाणावरून कक्षेत गेला होताच. परंतु दुसऱ्याच्या गाडीतून प्रवास करणे आणि स्वतः गाडी घडवणे यांतील अंतर या पाच वर्षांत किती श्रमांनी कापले गेले हे ३५ आणि ३६० किलोग्रॅमच्या तुलनेतून कळत नाही. वजनाने रोहिणी आर्यभटाच्या दहाव्या हिश्श्याएवढीही नव्हती, तरी इतिहासात तिचे स्थान मोठे आहे.

कथेचा हैदराबादी भाग येथून पुन्हा सुरू होतो. संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळा १९६२ साली दिल्लीहून हैदराबादला आली होती आणि १९७०च्या दशकात तिने ‘डेव्हिल’ या प्रकल्पात सोव्हिएत विमानविरोधी क्षेपणास्त्राचे भाग उलगडून द्रव इंधनाची इंजिने बनवण्याचे धडे घेतले होते. तो प्रकल्प पूर्ण क्षेपणास्त्रापर्यंत पोहोचला नाही, पण इंजिने राहिली. कलाम १९८२ साली या प्रयोगशाळेचे संचालक म्हणून हैदराबादला आले, १९८३ साली एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रमाला मंजुरी मिळाली, आणि २२ मे १९८९ रोजी ओरिसाच्या किनाऱ्यावरील चांदीपूर येथून अग्नी या क्षेपणास्त्राचे पहिले उड्डाण झाले. त्याचा खालचा टप्पा एस.एल.व्ही.-३ चा पहिला टप्पा होता आणि वरचा टप्पा त्याच कार्यक्रमातील पृथ्वी क्षेपणास्त्राच्या द्रव इंजिनांवर आधारलेला होता. थुंब्याचे घन इंधन आणि कंचनबागेचे द्रव इंधन असे दोन प्रवाह येथे एका यानात मिळाले. आर-७ किंवा रेडस्टोनच्या टोकावरून स्फोटक काढून उपग्रह ठेवला गेला होता; येथे उपग्रहवाहकाचा पायाच क्षेपणास्त्राखाली आला.

या उलट्या क्रमामुळे असा आरोप होत राहिला की भारताने उपग्रहाच्या आवरणाखाली क्षेपणास्त्रच घडवले. साधनसामग्रीकडे पाहिले तर हा आरोप टिकत नाही. एस.एल.व्ही.-३ वर उपग्रहाची जागा ४० किलोग्रॅमची होती, त्याचे मार्गदर्शन लक्ष्यावर नेम धरण्यासाठी बनवलेले नव्हते, आणि घन इंधन निवडण्याचे मुख्य कारण देशाला रासायनिक उद्योगात उपलब्ध असलेली कौशल्ये हे होते. मात्र ज्या मोटरने उपग्रह नेला ती मोटर पुढे संरक्षणासाठी वापरण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांना तिच्या दुहेरी स्वभावाची पूर्ण जाणीव होती, आणि १९८७ साली सात औद्योगिक देशांनी क्षेपणास्त्र-तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर घातलेल्या बंधनांची झळ नंतर भारताच्या शांततामय अवकाश कार्यक्रमालाही लागली. त्या झळीतूनच धातू आणि पदार्थ देशात बनवण्याची निकड वाढली.

कंचनबागेतील मिश्र धातू निगम, ज्याला सर्वजण ‘मिधानी’ म्हणतात, १९७३ साली स्थापन झाला. ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपक, म्हणजे पी.एस.एल.व्ही., याचा पहिला टप्पा २.८ मीटर व्यासाचा आणि शंभर टनांहून अधिक घन इंधनाचा ठरला, तेव्हा त्याच्या नळीसाठी मॅरेजिंग पोलाद लागले. या पोलादात कार्बन अगदी कमी असतो आणि सुमारे १८ टक्के निकेल, तसेच कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम असते. ते आधी मऊ असताना कापले आणि जोडले जाते, आणि नंतर ठरावीक तापमानात काही तास ठेवल्यावर त्यात अतिसूक्ष्म कण तयार होऊन ते विलक्षण कणखर बनते. वेल्डिंग केलेल्या मोठ्या नळीला मोडणाऱ्या तड्यांपासून वाचवण्यासाठी हा गुण अत्यंत महत्त्वाचा असतो. हे पोलाद मिधानीने हैदराबादेत घडवले. पी.एस.एल.व्ही. २० सप्टेंबर १९९३ रोजी पहिल्यांदा उडाले आणि अयशस्वी झाले, आणि १५ ऑक्टोबर १९९४ रोजी यशस्वी झाले.

एस.एल.व्ही.-३ स्वतः फक्त चार वेळा उडाले. त्याचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल १९८३ रोजी झाले. परंतु त्याचा पहिला टप्पा निवृत्त झाला नाही. पी.एस.एल.व्ही.च्या मोठ्या खोडाभोवती जी सहा जोड-मोटरी बांधली जात, त्या याच टप्प्यापासून आलेल्या होत्या. बंधक पदार्थ बदलला, इंधन सुमारे नऊ टन झाले, पण व्यास एक मीटरचाच राहिला. पुढे त्यांची लांबी वाढवून इंधन बारा टनांपर्यंत नेण्यात आले, आणि २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ तसेच ५ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळयान श्रीहरिकोट्याहून निघाले तेव्हा खोडाला बिलगलेल्या सहा नळ्या थुंब्यात १९७०च्या दशकात आखलेल्या त्याच एक मीटर व्यासाच्या होत्या.